डावीकडची वाट

वीरभद्र,

नावाआधी काय लिहावं ते सुचलं नाही, म्हणून नुसतं नाव.

काल रणधीरांनी मला येडशीच्या जंगलात नेलं. लग्नानंतरचं आमचं पहिलंच फिरणं. "आधी कधी आलीस का हिकडं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "एसटीच्या खिडकीतनं तेवढं बघितलंय."

डांबरी रस्ता सुटला, कच्चा चढ लागला. पळसाच्या फांद्या काचेला घासत होत्या आणि मी नवख्यासारखं सगळ्याचं कौतुक करत होते. माथ्यावर रस्त्याला दोन फाटे फुटले. त्यांनी गाडी डावीकडं वळवली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, उजवीकडनं घ्या. ही वाट ओढ्यात संपते."

ते डावीकडंच गेले. ओढा आला, वाट संपली. त्यांनी गाडी बंद केली. आपण दोघं बसायचो तो दगड अगदी समोर होता. मी त्याच्याकडं बघायचं टाळलं. त्यांनी टाळलं नाही.

घरी सासूबाईंनी विचारलं, "आवडलं का गं जंगल?"

मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "तिला आधीपासनंच आवडतं."

हे पत्र मी पाठवणार नाही. त्यांनी अजून तुझं नाव विचारलेलं नाही.

शिवांजली