फोटोची पाठ

मंगळवार, १४ जुलै
दुकानातून, दुपारी दोन वाजता

चि. पोरीस,

आशीर्वाद. घरी सगळे बरे असाल. टिंगूचा खोकला थांबला का? तिला म्हणावं, तुझ्या चित्राची फ्रेम आजोबांनी करून ठेवलीय, निळी पट्टी मागितली होतीस तीच लावलीय.

मायन्यावरच तीन कागद फुकट गेले. लग्न होऊन तू त्या घरात आलीस त्याला आठ महिने झाले, आणि एवढे दिवस मी तुला 'अहो, तुम्ही' करत आलो. लोकांना वाटलं, म्हातारा जावयाच्या दुसऱ्या बायकोला केवढा मान देतो. तो मान नव्हता. तुला लांब ठेवायची ती युक्ती होती, आणि हे तुलाही कळत होतं. म्हणून आज 'तू' लिहितोय. राग आला तर येऊ दे.

पत्र लिहिण्याचं कारण तुला ठाऊक आहे, तरी मला जरा लांबच्या वाटेनं येऊ दे. फोनवर बोलायला गेलो की माझा आवाज आपोआप चढतो आणि नको ते तोंडातून जातं. कागदावर गेलेलं निदान खोडता तरी येतं.

आमच्या धंद्यात एक गंमत असते. लोक फोटोपेक्षा फ्रेमची पट्टी निवडायला जास्त वेळ लावतात. परवा एक गृहस्थ रंग जुळवायला सोफ्याच्या कापडाचा तुकडा घेऊन आले आणि फोटो घरीच विसरले. मी अशांना हसत आलो. पण फोटो निवडताना मी स्वतः काय केलं, ते आता तुला सांगतो.

तुमच्या बाहेरच्या खोलीतली भिंत मी भरली. माझी मुलगी गेली, त्यानंतर दुसऱ्याच महिन्यात, जावयांना न विचारता. अकरा फोटो. शाळेतल्या बक्षिसाचा, सहलीचा, लग्नाचा, टिंगू पोटात असतानाचा. सगळ्यांना एकच अक्रोडी पट्टी, आत दोन इंच पांढरा पुठ्ठा, आणि दोरी धरून सगळे एका ओळीत. आजारपणातला एकही घेतला नाही. माझी मुलगी लांब केसांची आणि भरल्या गालांची होती, भिंतीवर तीच राहणार, हे मी परस्पर ठरवून टाकलं. जावई बिचारे मूग गिळून बसले.

तू आलीस तेव्हा मला वाटलं, आता एकेक फोटो खाली उतरणार. दर रविवारी टिंगूला भेटायच्या निमित्तानं यायचो आणि चहा येईपर्यंत फोटो मोजायचो. कधीच कमी भरले नाहीत. उलट काचा पुसलेल्या असायच्या, पार कोपऱ्यांपर्यंत, आणि कोपरे सहसा कुणी पुसत नाही. तेही मला खुपायचं. पुसल्या नसत्यास तर मला बोलायला जागा मिळाली असती.

मागच्या आठवड्यात सोमवारी तू ऑफिसातून परस्पर दुकानात आलीस, गळ्यातलं ओळखपत्रसुद्धा काढलं नव्हतंस. दवाखान्याच्या कागदांची पिशवी जावयांनी तीन वर्षांत उघडली नव्हती. कपाट आवरताना ती तुझ्या हाती लागली आणि तिच्यात एक फोटो निघाला. जावयांनाही अजून दाखवला नाही म्हणत तो तू काउंटरवर ठेवलास. मी तो कधी पाहिलेला नव्हता. दवाखान्याची खाट, डोक्यावर जेमतेम बोटभर केस, गाल बसलेले, आणि चार वर्षांची टिंगू पोटावर स्वार होऊन तिचं नाक ओढतेय. आणि ती हसतेय, हिरड्या दिसेपर्यंत हसतेय.

मी म्हणालो, असले फोटो घरात लावत नसतात, भिंतीवर आहेत तेवढे पुरे.

"टिंगूला हीच आई आठवते," तू म्हणालीस. "भिंतीवरच्या लांब केसांच्या बाईंना ती ओळखत नाही. परवा मला विचारत होती, या कोण म्हणून."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मुलगी माझी, भिंत मी भरलेली, आणि काल आलेली बाई मला सांगतेय की नातीला तिची आई ओळखता येत नाही. तू खरं बोललीस म्हणूनच ते एवढं झोंबलं. पुढे तू फ्रेम कशी हवी ते सांगू लागलीस. दोन्ही बाजूंना काच, भिंतीवर टांगायची नाही, टिंगूच्या टेबलावर उभी राहील आणि तिला हातात घेता येईल अशी. मी हसलो. म्हणालो, दोन्हीकडून काच लावून काय करणार, फोटोला तोंड एकच असतं. तू म्हणालीस, त्याचंच सांगायचं होतं, आणि मी हात वर करून तुला थांबवलं.

"काय सांगायचं ते जावयांनी येऊन सांगावं. चाळीस वर्षं हेच करतोय, मला शिकवू नका."

तू मान हलवलीस आणि गेलीस. मंगळवारी तुझे दोन फोन आले. नंबर बघितला आणि उचलले नाहीत.

मशीनवर काढलेले साधे फोटो पुढे वळतात, म्हणून आम्ही ते चिकट पुठ्ठ्यावर बसवतो. पुठ्ठ्यावरचा मेणकागद सोलायचा, फोटो आपल्याकडे तोंड करून वर ठेवायचा आणि रूळ फिरवायचा. एकदा बसला की बसला. फोटो उलटा करायची वेळच येत नाही. तरी माझ्याकडे काम शिकून गेलेल्या प्रत्येकाला मी पहिला धडा हाच दिला, की आधी पाठ बघा, लोक मागे तारखा लिहितात, नावं लिहितात. त्या दिवशी मीच बघितली नाही. तिच्या चेहऱ्यावरून माझी नजर निघेना. रूळसुद्धा मी हळू फिरवत होतो, तिला लागेल असं वाटून. आणि फ्रेम केली ती माझ्या मनासारखी, एकीकडून काच, मागे खाकी कागद, वर टांगायला कडी.

शुक्रवारी तू फ्रेम हातात घेतलीस, उलटी केलीस आणि तशीच स्टुलावर बसलीस.

"हे काढता येईल का हो?" तू विचारलंस. "मागे ताईंनी टिंगूसाठी लिहिलंय. ती आता वाचायला लागलीय, म्हणून दोन्हीकडून काच हवी होती."

आणि मी काय म्हणालो? म्हणालो, मग हे आधी सांगायचं होतंत. तू फ्रेम काउंटरवर ठेवलीस आणि निघून गेलीस. पोरी, तू भांडली असतीस तर बरं झालं असतं. मी तुझी माफी मागतो. आडून नाही, सरळ मागतो. तू सांगत होतीस आणि मी तुला सांगू दिलं नाही.

आता पुढचं. तू गेल्यावर मी दुकानाचं दार लावून फोटो सोडवायला बसलो. वाफ दिली, पातळ पातं घातलं, नखानं प्रयत्न केला. कागद मधूनच दोन पदरांत फाटला. चेहऱ्याचा पदर जवळजवळ अख्खा वर आला, फक्त टिंगूच्या कोपरापाशी थोडा गेला. पाठ पुठ्ठ्यालाच चिकटून राहिली, अक्षरं खालच्या अंगाला, गोंदात. तीन दिवस भिंग आणि आरसा घेऊन बसलोय. निळं पेन आहे, आठ-नऊ ओळी असाव्यात. एका जागी 'दात' दिसतं. एका जागी 'अंधाराला' आहे, पुढचं गेलं. आणि खालून दुसऱ्या ओळीत 'आजोबांना सांग' एवढं स्वच्छ वाचता येतं. त्याच्यापुढे नुसता निळा डाग आहे.

इथेच माझं घोडं पेंड खातंय.

शेवटचे नऊ दिवस मी तिला बघायला गेलो नाही. सगळ्यांना माहीत आहे की मला ताप होता आणि तिला संसर्ग नको म्हणून मी लांब राहिलो. ताप एकच दिवस होता. बाकीचे आठ दिवस मी इथे पट्ट्या कापत बसलो होतो, कारण बोटभर केसांची माझी मुलगी मला बघवत नव्हती. ती रोज विचारायची, बाबा आले का. तिची आई सांगायची, उद्या येतील. टिंगूची आजी मला यावरून कधी बोलली नाही, पण तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं आणि तरी गेलो नाही. भिंतीवरचे अकरा फोटोही तिच्यासाठी नव्हतेच. मला ते दिवस दिसू नयेत म्हणून होते.

तू आणलेल्या फोटोच्या कोपऱ्यात मशीनने तारीख छापलीय. ती त्या नऊ दिवसांतली आहे, सहाव्या दिवसाची. म्हणजे तिने जे लिहिलं ते माझी वाट बघताना लिहिलं.

काय लिहिलं हे आता जगात तुला एकटीलाच ठाऊक आहे. जावयांना दाखवायच्या आधी तू तो फोटो माझ्याकडे आणलास, आणि का आणलास हे मला आत्ता कळतंय. ज्या बाईचं मी एक वाक्य ऐकून घेतलं नाही, तिच्यापुढेच मला माझ्या मुलीच्या शब्दांसाठी हात पसरायचाय.

टिंगूसाठी होतं ते तुझ्या अक्षरात लिहून दे, आठवेल तेवढं. दोन काचांत एकीकडे तिचा चेहरा आणि दुसरीकडे तुझं अक्षर बसवून देतो, टेबलावर उभी राहील अशी फ्रेम. आईचं अक्षर आजोबांनी घालवलं, हे टिंगूला मीच सांगेन. ते काम तुझ्यावर टाकत नाही.

माझ्यासाठी होतं ते वेगळ्या चिठ्ठीवर लिही. राग असेल तर राग लिही. तुझा स्वभाव मला आता कळलाय, म्हाताऱ्याला लागू नये म्हणून तू एखादा शब्द मऊ करशील. करू नकोस. नेमकं तेवढंच आठवत नसेल तर तसं कळव, पण मनचं काही घालू नकोस. ती कशी बोलायची हे मला माहीत आहे, खोटं असेल तर मला लगेच ओळखू येईल. आणि ओळखूनसुद्धा मी ते खरंच म्हणून उराशी धरून बसेन, त्याचीच भीती वाटते.

तुझ्या चिठ्ठीची वाट बघतो.

बोलावूनही न गेलेला,
तिचा बाबा