आवाज बंद ठेवून घेतलेली चाचणी

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. आशीर्वाद सावकाश दे, घाई नाही. तुझ्या चाकाच्या खुर्चीचा ब्रेक दुरुस्त झाला का? भावोजींचा खोकला कसा आहे? (स्वभावाचं विचारत नाही, तो औषधापलीकडचा.) मी ठीक, म्हणजे दमलोय.

कचेरीने माझ्यासाठी नवा प्रोग्राम आणलाय. पडद्यावरच्या ग्राहकांच्या तक्रारी त्याने मला वाचून दाखवायच्या, मी उत्तरं टाइप करायची. जुना प्रोग्राम हेच करायचा. नाकात बोलायचा, पण बोलायचा. तो काढून टाकला. नव्याची चाचणी घ्यायला डोळस माणसांची समिती बसली. (आंधळा मी एकटाच, म्हणून पक्षपाती ठरलो, कोपऱ्यात खुर्ची मिळाली.) आमच्या मजल्यावर हल्ली आवाजाला बंदी आणि हेडफोन लावला की साहेबांना वाटतं, माणूस गाणी ऐकतोय. तेव्हा चाचणी आवाज बंद ठेवून झाली. प्रोग्राम वाचत असतो त्या ओळीभोवती म्हणे एक पिवळी चौकट फिरते. ती बघून समिती हरखली. "काय सुबक सरकते हो!" अध्यक्षीणबाई म्हणाल्या. मी म्हटलं, "बाई, मला काहीच ऐकू आलं नाही." त्या मायेने म्हणाल्या, "होईल हळूहळू सवय."

शेरा पडला: वापरण्यास अत्यंत सोपे, इतरांना त्रास नाही. शुक्रवारी त्यावर सह्या झाल्या की नंतर काम तुंबलं तर दोष माझा. मग मला तक्रार विभागातून उचलून दारापाशी बसवणार, येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघून हसायला. (बघून!) ज्या टेबलाशी बसून आयुष्यभर लोकांच्या शिव्यांना सभ्य भाषेत उत्तरं दिली, ते टेबल जाणार. दारापाशी एक शोभेची कुंडी आहेच. तिला निदान पाणी तरी घालतात.

असो. तू काळजी करू नकोस.

तुझा,
भाऊ

ता. क. काळजी कर. समितीला बाहेरचं एक अनुभवी माणूस हवंय. मी तुझं नाव दिलंय. शुक्रवारी ये आणि सह्यांआधी आवाज सुरू करायला लाव. मी सांगितलं की रडगाणं होतं. तू सांगितलंस की भावोजीसुद्धा ऐकतात.

आणखी एक. आमच्या दाराला पायऱ्या आहेत, उतार नाही. (प्रवेशाची तपासणी याच समितीने पायऱ्या चढून केली होती, समाधानकारक.) तेव्हा तू खालीच थांब आणि समितीला यंत्रासकट रस्त्यावर बोलावून घे. तिथे आवाजाला बंदी नाही.