नवसीचा आवाज

अंबरनाथ (पश्चिम),
१२ जून २०२५

तीर्थरूप आण्णांना वैदेहीचा नमस्कार,

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहिते.

शेजारच्या खोलीतली नवसी आठवते ना? बारवी धरणाकडच्या पाड्यावरची, आई गेल्यावर काकाने इथे आणलेली. शाळा नाहीच, दिवसभर धुणीभांडी, वर काकूचा मार. मागच्या महिन्यात तिच्या दंडावर उलथन्याचा चटका दिसला. मी सरळ १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन लावला. बालकल्याण समितीने चौकशी करून तूर्त तिला आमच्याकडे ठेवलंय.

सासूबाई आधी नाराजच होत्या. परक्याची पोर, उद्या काही झालं तर, म्हणाल्या. काल नवसीच्या हातून लोणच्याची बरणी फुटली. पोरगी रडली नाही. दंड पुढे करून डोळे मिटून उभी राहिली. सासूबाईंनी तिला काचांतून उचललं, ओट्यावर बसवून पाय तपासले, आणि मग त्याच रडत बसल्या.

माझं चुकलं का, आण्णा? लोभ आहेच, सल्लाही हवा.

तुमची वैदेही


बदलापूर,
१८ जून २०२५

चि. वैदेहीस आशीर्वाद,

चुकलं नाही. पण दया आठ दिवसांची असेल तर आत्ताच सांग. पुन्हा परत पाठवलीत, तर ती पोर कोणावर विश्वास ठेवणार नाही. ठेवायची तर तुझ्या समर्थसारखीच, पोटच्या पोरासारखी ठेवा.

मशीनवर दोन फ्रॉक शिवलेत. माप अंदाजाने घेतलंय. तू त्या वयात होतीस तेवढी खादाड ती नसावी!

सर्वांना आशीर्वाद.
आण्णा


अंबरनाथ (पश्चिम),
१० जुलै २०२५

तीर्थरूप आण्णांना नमस्कार,

काल समितीपुढे काका तिला मागायला आला होता. समितीच्या बाईंनी नवसीला जवळ घेऊन काकाकडे जायचं का, असं विचारलं. ती खाली बघत एवढंच म्हणाली, "मी नाय जायची." नवसी आमच्याकडेच राहणार, तसा आदेश झाला.

आज खरी गंमत. टीव्हीच्या रिमोटवरून समर्थशी तिची जुंपली. सासूबाई तिच्यावर डाफरल्या, तर ही कमरेवर हात ठेवून म्हणते, "मलाच काय बोलता? त्याला पन बोला ना!"

सासूबाई पदरात तोंड लपवून हसायला लागल्या, आणि मी मोरीत जाऊन पोटभर रडले. आण्णा, पोरीचा आवाज चढला हो!

रविवारी तिला घेऊन येते. माया असू द्या, आता माझ्यावर, समर्थवर आणि नवसीवर, तिघांवर.

तुमची वैदेही