उशिरा आलेला सेलो

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, धंदा संगीतरचना आणि शिकवणी, हे मृत्युपत्र स्वखुशीनं लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी मौन पाळलं. दडपण कोणाचंही नाही. फार थकलो आहे आणि आवराआवर राहिली आहे, एवढंच. आधीची मृत्युपत्रं रद्द समजावीत.

कलम एक. तिसऱ्या मजल्यावरचं हे घर आणि बँकेत जे असेल ते माझ्या एकुलत्या एका मुलीला. ती दातांची डॉक्टर आहे. लहानपणी तिला जबरदस्तीनं पियानोपुढे बसवलं, त्याबद्दल माफी मागतो.

कलम दोन. पियानो संगीतशाळेला. उजवीकडची शेवटून तिसरी पट्टी अडकते. तशीच ठेवा म्हणणार होतो, पण तो निव्वळ हट्ट झाला. दुरुस्त करून घ्यावी.

कलम तीन. शिकवणीच्या लाल पेन्सिली फेकून द्याव्यात, त्यांनी बरीच मुलं रडवली आहेत. शाळेच्या माजी प्राचार्यांनी माझी एक रचना ‘ऐकवत नाही’ म्हणून कार्यक्रमातून काढली होती. त्यांना मी माफ केलेलं नाही. निदान इथे तरी खोटं लिहू नये.

कलम चार. दुसऱ्या मजल्यावरचे शेजारी तीस वर्षं झाडूच्या दांड्यानं छत ठोकत आले. त्यांना काही देत नाही, कारण ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये असं वकीलबाई म्हणतात, आणि मला साक्षीदार हवा आहे. शांतता त्यांना आपोआप मिळेलच.

कलम सहा. हे सगळं ज्यासाठी लिहायला घेतलं ते हे कलम.

माझी धाकटी बहीण पहिल्या मजल्यावर राहते. मी रचना पेन्सिलीनं खरडायचो. प्रत्येक वादकाची वेगळी वही शाईनं उतरवून द्यायची ती. अशी अठरा वर्षं. चार वाद्यांच्या माझ्या रचनेत एका जागी तिघे सोळा मात्रा वाजवून थांबतात आणि त्याच क्षणी सेलोनं यायचं असतं. पहिल्या कार्यक्रमात सेलोवाल्याच्या वहीत सोळाऐवजी वीस मात्रा थांबायला लिहिलं होतं. चार मात्रा सभागृहात काहीच नव्हतं. कार्यक्रमानंतर सगळ्या वादकांसमोर मी तिच्यावर खेकसलो, “साधे आकडे उतरवता येत नाहीत तुला?”

तिनं पेनाला टोपण लावलं. “दादा, पुढचं तुझं तू लिही.”

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रानं नेमकी त्याच चार मात्रांची वाहवा केली. मी ती मुकाट्यानं पदरात पाडून घेतली. रचना आजही तशीच वाजते. बहीण आणि मी बावीस वर्षं पाण्याची टाकी आणि जिन्यातला दिवा यांवर बोललो, संगीतावर नाही.

नऊ वर्षांपूर्वी पियानो सरकवला, तेव्हा मागे त्या रचनेचा माझा कच्चा खर्डा सापडला. त्यात वीस लिहिलेलं आहे. माझ्याच हातानं. मी तो परत ठेवून दिला. लाज वाटली, दुसरं काही नाही. माझ्या पश्चात तो तिला द्यावा, असं या कलमात होतं. मुलगी ते वाचून भडकली. “बाबा, आत्या दोन मजले खाली राहते. हे तिला वकीलबाईंच्या तोंडून कळणार?”

काल दुपारी कठडा धरून खाली गेलो. खर्डा तिच्यापुढे ठेवला. म्हणालो, “चूक माझी होती.”

तिनं चष्मा पुसला, त्या आकड्यावर बोट ठेवलं. “माहीत होतं मला. उतरवतानाच थबकले होते. वाटलं, दादानं मुद्दाम केलंय. फार आवडलं होतं रे ते मला.”

“मग तेव्हा बोलली का नाहीस?”

“तू विचारलंस कुठे? ओरडलास.”

मला रडू आलं. तिनं पाणी दिलं. मग, माझं अक्षर कोर्टात कोणाला लागणार नाही म्हणत, हा मसुदा शाईनं उतरवून द्यायचं तिनंच अंगावर घेतलं.

तेव्हा त्या रचनेचे सर्व हक्क बहिणीला. छापील प्रतीत सोळा ठेवायचं की वीस, ते ती ठरवेल. इतर कोणी मध्ये पडू नये.

स्थळ: पियानोची खोली
दिनांक: ११ मार्च २०२४
सही: मृत्युपत्र करणारा

साक्षीदार:
१. तळमजल्यावरचे डॉक्टर
२. दुसऱ्या मजल्यावरचे शेजारी (झाडू घरी ठेवून आले)

नक्कल करणारीची नोंद: दादाच्या मसुद्यात कलम चारनंतर एकदम सहा आहे. या वेळी उतरवण्याआधी वर जाऊन विचारलं. म्हणाला, “चूक माझी.” म्हटलं, असू दे. तसंच ठेवलं आहे.
— बहीण