उपवासकाळाच्या घरांची यादी

आई, यंदा यादी माझ्याकडे आली आहे. तू गेलीस त्याला एकवीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत मी ती कधी अंगाला लावून घेतली नव्हती. कुणी विचारलं की ऑफिसचं कारण सांगायचे. आता निवृत्त झाले, कारण संपलं. नाताळ आटोपून पंधरा दिवस झाले असतील, महिला मंडळाच्या सभेत कुणीतरी म्हणालं, ‘बाईंच्या मुलीकडेच द्या की, अक्षरही चांगलंय.’ सगळ्यांनी माना हलवल्या. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि ‘बरं’ म्हणून बसले. तेव्हापासून माझं एका जागी बूड टिकत नाही. भाजी निवडायला घेते, अर्ध्यावर उठते. वही उघडते, मिटते, परत उघडते.

यादी तीच, तुझ्या वेळची. राखेच्या बुधवारी चर्चमध्ये कपाळावर राख लावून घ्यायची आणि दुसऱ्या दिवसापासून ईस्टरपर्यंत, रविवार सोडून, रोज संध्याकाळी एकेका घरी प्रार्थना. दोन गाणी, शास्त्रवाचन, पाळकसाहेबांचे चार शब्द, चहा. कुणाच्या घरी कुठला दिवस, एवढंच ठरवायचं. एवढंच म्हणते खरं, पण तुलाच ठाऊक त्यात काय काय येतं. आता फोनवर निरोप येतात. एकीचा, की आमच्याकडे त्या दिवशी नळाला पाणी आहे, पाच दिवसांनी येतंय, भरायचं की गाणी म्हणायची? दुसरीच्या नातवाची दहावी. तिसरीचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, म्हातारी माणसं चढणार कशी? मी खाडाखोड करते. वहीचं पान फाटायला आलं की नवं घेते. आणि दरवेळी एका गुरुवारापाशी माझा हात अडतो.

तो गुरुवार तुला आठवत असेल का, माहीत नाही. मला पंधरावं होतं. गड्ड्याची जत्रा उठून महिना झाला होता, चर्चच्या आवारातल्या लिंबाची पानं गळत होती, आणि रविवारची उपासना संपल्यावर तू पायऱ्यांवर उभी राहून घरं ठरवत होतीस. मी शेजारी, वही धरून. सगळ्या बायका बोलून गेल्यावर ती आली. शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसायची ती. गिरणीमागच्या चाळीत एक खोली, दिवसभर विड्या वळायची. बोटांना तंबाखूचा वास असायचा म्हणून सलाम करताना हात पदराखाली घ्यायची. तिचा नवरा तिला टाकून कुठं निघून गेला होता, आणि ती गिरणीतल्या एका माणसाबरोबर राहत होती. तो आपल्यातला नव्हता, लग्न नव्हतं, नवरा जिवंत होता. प्रभुभोजनाची भाकर घ्यायला सगळे पुढं जायचे तेव्हा ती जागेवर डोळे मिटून बसायची. कुणी तिला तसं सांगितलं होतं का तिचं तिनंच ठरवलं होतं, मी कधी विचारलं नाही.

‘बाई, औंदा आमच्याकडं ठिवा की एक दिस,’ ती म्हणाली. ‘खोली लहान हाय, पन मी भाईर चटया टाकीन.’

‘बघू,’ तू म्हणालीस.

तू हे तिसऱ्या वर्षी म्हणत होतीस. घरी येताना मी विचारलं तर म्हणालीस, ‘पाळकसाहेबांनी त्या खोलीत कुठल्या तोंडानं बसायचं? आणि उद्या बाकीच्यांनी येणं टाकलं तर तिलाच वाईट वाटेल.’ त्यात तुझं अगदीच खोटं होतं असं आज म्हणवत नाही. पण तेव्हा मी पंधरा वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं.

यादी फुलस्केप कागदावर मी उतरवायची, मथळे लाल शाईनं. तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारचं घर ऐनवेळी गळालं, त्यांना गावी जायचं होतं. तू म्हणालीस, ‘तेवढी जागा सोड, मी सांगते मग.’ मी सोडली नाही. तिचं नाव लिहिलं, आणि चांगलं वळणदार लिहिलं. तू शाळेच्या तपासणीच्या गडबडीत होतीस, न बघताच कागद चर्चच्या बोर्डावर लागला.

रविवारी बायका बोर्डासमोर घोळक्यानं वाचत होत्या, आणि त्यांच्यामागे ती उभी होती. तिला वाचता येत नव्हतं. कुणीतरी तिला बोटानं दाखवलं असणार, कारण ती एकदम माझ्याकडे वळून हसली. तू तेव्हाच पाहिलंस. चर्चमध्ये अक्षर बोलली नाहीस. घरापर्यंतही नाही. बाबा ड्युटीवर दौंडला होते. तू स्वयंपाकघरात गेलीस, स्टोव्ह पेटवलास, तवा ठेवलास, पीठ मळायला घेतलंस, आणि पाठमोरीच म्हणालीस, ‘कुणी सांगितलं लिहायला?’

मी पाण्याचा तांब्या उचलून परत जागेवर ठेवला.

‘मी विचारतेय. कुणी सांगितलं?’

तू वळलीस. हाताला पीठ. तू मला फार मारायचीस असं नाही, पण त्या दिवशी तुझा चेहरा बघून मी दारापर्यंत मागं सरकले. मी म्हणाले, ‘त्यांनीच.’ एवढ्यावर थांबले असते तर कदाचित तू खोदून विचारलं असतंस. पण मी पुढं बोलले. ‘त्या म्हणाल्या, बाईंना कळणार नाही, तू गुपचूप लिही.’ कुठून सुचलं देव जाणे. तुझी खात्री पटावी म्हणून तिच्यासारखा आवाजही काढला.

तू स्टोव्ह बंद केलास. हात धुतलेस, पदर सारखा केलास आणि भर दुपारी बाहेर पडलीस. मी तव्याशेजारी बसून राहिले. तासाभरानं तू आलीस. भाकरी केल्यास, शेंगाची चटणी वाढलीस, मला म्हणालीस, ‘जेव.’ आणि मी जेवले, आई. भूक लागली होती. मार चुकला होता. मला बरं वाटत होतं. हे लिहिताना हात थांबतोय, पण बरं वाटत होतं हे खरं आहे.

राखेच्या बुधवारी दाराजवळचा बाक रिकामा होता. पाळकसाहेबांचा अंगठा माझ्या कपाळावर टेकला, ‘माती आहेस, मातीला मिळशील,’ असं ते म्हणाले, आणि मी मागं वळून पाहिलं. पुढच्या रविवारी नाही, ईस्टरला नाही. ती पुन्हा आलीच नाही. बोर्डावरच्या कागदावर तिच्या नावावर पांढरी पट्टी चिकटवून त्यावर तू आपलं घर लिहिलं होतंस. त्या गुरुवारी आपल्याकडे प्रार्थना झाली. चहा मी दिला.

आणि मग मी काय केलं? सगळा दोष तुझ्यावर ठेवला. पहिल्यांदा मनात, मग मोठी झाल्यावर तोंडानं. कॉलेजात असताना चर्चला यायचं टाळलं की म्हणायचे, जिथं एका गरीब बाईला बसू देत नाहीत तिथं मी का येऊ? तू ऐकून घ्यायचीस. बोलता बोलता माझी खात्रीच झाली की असंच घडलं होतं. माझं ते वाक्य त्यातून हळूहळू गळून गेलं. तुझ्या शेवटच्या आजारात, दवाखान्यात मी तुझे पाय चेपत होते, कशावरून तरी विषय निघाला आणि तेव्हाही मी म्हणाले, ‘तू एका बाईला चर्चमधून घालवलंस, आई.’ तू वर पंख्याकडे नजर लावलीस. मग म्हणालीस, ‘ती कशी राहते त्याचं मी कधीतरी गिळलं असतं. पण तिनं माझ्या लेकराला खोटं शिकवलं. ते मला सहन झालं नाही गं.’

आई, तेव्हा सांगायचं होतं. तू शुद्धीत होतीस, खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी तुझ्या पायांवर चादर ओढली आणि म्हणाले, ‘झोप आता.’

यंदा त्याच आठवड्यातल्या गुरुवारचं घर गळालं. कुणाच्या घरी लग्न आहे. मी वही घेऊन बसले आणि उठले, बसले आणि उठले. मंडळातली एक जण कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीतून येते. तिच्या बोलण्यात मागं एकदा आलं होतं, की आमच्या वसाहतीत एक म्हातारी दारात बसून आपली चर्चची गाणी म्हणते, चर्चला मात्र येत नाही. तेव्हा मी ऐकून सोडून दिलं होतं. मागच्या मंगळवारी सकाळी उठले, चहासुद्धा न घेता रिक्षा केली आणि गेले. वाटेत दोनदा वाटलं, परत फिरावं.

एकसारखी घरं, उन्हात वाळत घातलेली धुणी, दारादारांत सुपात तंबाखू घेऊन बसलेल्या बाया. ती ओट्यावर बसली होती. केस सगळे पांढरे, डोळ्यांवर जाड भिंगं. मी सलाम केला. तिनं वर बघितलं, बराच वेळ बघितलं.

‘बाईंची पोर न्हवं तू?’

मी हो म्हणाले. ती सरकली, मला बसायला जागा केली. तू कधी गेलीस, कशानं गेलीस, फार हाल झाले का, सगळं विचारलं. तिचा माणूस जाऊन बारा वर्षं झाली म्हणाली. ‘लई चांगला हुता,’ एवढंच. मी यादीचं बोलायला लागले आणि मधेच ते जुनं आलं. मी घरून जुळवून नेलेली वाक्यं एकही आठवेना. ‘मावशी, त्या वेळी मी आईला तुमचं नाव सांगितलं. तुम्हीच लिहायला लावलं असं.’

‘ठावं हाय की,’ ती म्हणाली.

‘कसं?’ मी विचारलं.

‘बाई आल्या, दारातच हुब्या. म्हनल्या, माज्या पोरीला खोटं करायला तू सांगितलंस? मी म्हनलं, व्हय बाई, मीच.’

‘का पण? का म्हणालात?’

‘तू पोर. मारलं असतं तुला. मला काय, लोक बोलतच हुते, त्यात आनी एक बोल.’ तिनं भिंगं काढून पदरानं पुसली. मला वाटलं बोलणं संपलं. पण ती पुढं म्हणाली, ‘पन तू येशील वाटलं हुतं मला. दोन-चार रविवार मी दाराकडं बघत बसायची. म्हनलं, पोर येईल, सांगंल कायतरी. न्हाय आलीस.’

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला रडता आलं असतं. शेजारची बाई सुपातली पानं हलवत आमच्याकडे बघत होती.

मग मी विचारलं, ‘गुरुवारी तुमच्याकडे प्रार्थना ठेवू का?’ तिनं बोटांवर मोजलं. ‘बेस्तरवारी नगं, पानी येतंय. शुक्कीरवारी ठिव. आनी लई लोक आनू नगंस, कप धाच हायत.’

शुक्रवारचं घर गुरुवारी सरकवलं आणि शुक्रवारी तिचं नाव लिहिलं. रिक्षात हलक्या हातानं लिहिलं होतं, घरी येऊन परत गिरवलं. इथवर ठीक होतं, आई. इथं हे पत्र संपलं असतं तर किती बरं झालं असतं.

शनिवारी पाळकसाहेबांना यादी द्यायला गेले. ते तरुण आहेत, दोन वर्षांपूर्वी बदलून आले. वाचता वाचता थांबले. ‘ह्या मावशी कोण? रजिस्टरात नाव दिसत नाही.’ साधा प्रश्न होता. टेबलापलीकडे मी होते, अठ्ठावन्न वर्षांची, कुणी हात उगारणार नव्हतं. आणि मी म्हणाले, ‘आईच्या ओळखीच्या आहेत. त्यांच्याकडे एकदा प्रार्थना व्हावी अशी आईची फार इच्छा होती. राहून गेलं.’

‘अरे वा,’ ते म्हणाले. ‘बाई फार मोठ्या मनाच्या होत्या असं ऐकलंय मी.’

काल त्यांनी व्यासपीठावरून तेच सांगितलं. नाव घेऊन, तुझं आणि तिचं. तुझ्या वेळच्या चार म्हाताऱ्या अजून आहेत, त्यांनी डोळे पुसले. बाहेर आल्यावर एकीनं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, ‘आईचं राहिलेलं पुरं केलंस गं.’ मी हात सोडवून घेतले नाहीत.

राखेचा बुधवार परवा आहे. त्याआधी जाऊन पाळकसाहेबांना खरं सांगावं, असं कालपासून दहा वेळा चप्पल पायात घालून ठरवलं. अजून घरीच आहे. हे वाचणारं कुणी नाही म्हणून तुला एवढं सगळं लिहू शकले, नाहीतर यातही मी काहीतरी वगळलं असतं. पहिलं खोटं मी तुझ्याशी बोलले. दुसरं तुझ्या नावानं बोलले, आणि या वेळी ते सगळ्यांना आवडलं. मलाही.