टेबलाखालची काकवी

मंगळवार, संध्याकाळ. वसतिगृह.

संशोधन साहाय्यकाची जागा मला मिळाली, तरी मन खात होतं. आज मुलाखतीच्या वेळी सरांच्या टेबलाखाली काकवीचा पांढरा कॅन होता, तोंड सुतळीनं आवळलेलं. असा कॅन विद्यापीठात कशाला येतो, हे कळायला पीएचडी लागत नाही. उमेदवार दोघंच, मी आणि सागर. त्यात गुऱ्हाळ सागरच्या घरचं. मग कॅन आणखी कुणाचा असणार?

बाहेर आल्यावर त्याला तोंडावर विचारलं, "काकवी तुझीच न्हवं रं?" तरीही निकाल कळल्यावर हात मिळवायला पहिला तोच आला. तेव्हा आणखीच संशय आला. कॅन त्याचा, तर जागा मला कशी? काहीच जुळेना.

आत्ता गावी, कुंडलला फोन केला. बातमी ऐकून आई म्हणाली, "मिळणारच की. दादा कालच सरांस्नी भेटून आलं. गावच्या गुऱ्हाळावरची काकवी दिली. आवडली का न्हाई त्यास्नी?"

म्हणजे ती सुतळी माझ्या वडिलांनीच, दादांनीच आवळलेली.

सागर बाहेरून चहाला हाक मारतोय. ओ देववत नाही.