अप्पांची मिशी आणि माझं हसू

प्रिय सहाना,

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. एन्नोरच्या सभेचा व्हिडिओ तू पाहिलाच असशील. त्यात सगळ्यांच्या आधी हसणारा गाढव मीच. पण पूर्ण ऐक, मग हव्या तेवढ्या शिव्या घाल.

तुझे अप्पा मंत्री झाले तरी टीव्हीवरच्या मालिकेतली सासरेबुवांची भूमिका काही सोडत नाहीत. खुर्ची जाते, सासरा टिकतो, म्हणतात. त्या सासरेबुवांचा हात मिशीवर गेला की ते थाप मारतायत, हे शेंबडं पोरही ओळखतं. आणि त्या क्षणी सेटवरच्या प्रेक्षकांत बसून पहिलं हसायचं, ही माझी नोकरी! सरांशी भांडून इंजिनिअरिंग सोडलेल्याला दुसरं कोण काय देणार? शिवाय अप्पांचा डबा घेऊन सेटवर तू यायचीस.

तर एन्नोरला खाडीत पडणाऱ्या वीजकेंद्राच्या राखेवरून कोळी लोक भडकलेले. अप्पा गरजले, “सहा महिन्यांत राख बंद!” आणि हात गेला मिशीला. शपथ, मी ठरवून हसलो नाही गं, शिंकेसारखं आलं. माझ्यामागून अख्खी सभा खदखदली. शेजारचा “विदूषक मंत्री” म्हणाला, तेव्हा मी त्याची कॉलर धरली. तेही व्हिडिओत आहे, पण ते कुणी बघत नाही. तेवढ्यात एक म्हातारी कोळीण उठून ओरडली, “अय्या, मिशी सोडा, मग बोला!” अप्पांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि हळूच म्हणाले, वर्ष लागेल, कदाचित जास्तच. कुणी हसलं नाही. टाळ्या पडल्या.

गाडीत बसताना मला एवढंच म्हणाले, “डेय हेरंब, उद्या अड्यारला घरी ये.” नोकरी जाणार की कानाखाली बसणार, मुरुगनला ठाऊक.

पण तुझी आई टी. नगरला कुणा बँकवाल्याच्या आईबरोबर साड्या बघत फिरली, हे कळल्यापासून माझं डोकं फिरलंय. उद्या तुला मागणी घातल्याशिवाय मी उठणार नाही. तू फक्त एक कर. मी तोंड उघडलं की अप्पांना कॉफी आणून दे. उकळती, काठोकाठ. एका हातात टंबलर, दुसऱ्यात ती कॉफी ओतायची वाटी, डबरा. ओतता ओतता ते ‘हो’ म्हणाले, तर मी डोळे मिटून मानेन. ‘नाही’ म्हणाले तर भांडेन, पण निदान खरं काय ते कळेल. हात मोकळे राहिले तर मात्र ते काहीही म्हणोत, मी आधी हसेन, आणि मग आपलं काही खरं नाही.

आतापासूनच ओठ दाबून बसलेला,
तुझाच हेरंब